चोर आवाजावरून ओळखू येऊ नये : जुन्या बाल-रहस्यकथा रेकॉर्ड कशा कराव्यात

गावोगावच्या वाचनालयांत कपाटाच्या खालच्या फळीवर अजून ही पुस्तकं सापडतात. पडका वाडा, बंद तळघर, नदीकाठी हलणारा कंदील आणि सुट्टीत मामाच्या गावी आलेली चार पोरं. नवी आवृत्ती निघत नाही, जुनी प्रत हातात धरली की पान तुटतं. ही पुस्तकं मुलांच्या कानापर्यंत पोचवायची असतील तर कुणीतरी बसून वाचायला हवीत. आम्ही वाचनालयाची मंडळी हे काम मोबाइलवर करतो, तुम्हालाही जमेल.

पुस्तक हातात आलं की आधी शेवटची दहा पानं तपासा. कसर आणि वाळवी बांधणीच्या कडेने आत शिरते आणि शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, सुटून पडलेला असतो. उलगडाच नसलेली रहस्यकथा रेकॉर्ड करून उपयोग नाही. दुसरी प्रत मिळेपर्यंत ते पुस्तक बाजूला ठेवा.

मग हक्क. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून होते. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून हयातीत छापलेलं त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना खुलं आहे. भा. रा. भागवत 2001 साली गेले, त्यांच्या पुस्तकांना 2061 संपेपर्यंत हक्कदाराच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं मृत्युवर्षही बघा. ‘बाजारात मिळत नाही ना, मग चालतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते साफ चूक आहे. अंध व्यक्तींसाठी ऐकण्याजोगी प्रत करायला 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात सवलत दिली आहे, पण ती त्यांच्यापुरतीच. त्या सवलतीत केलेली फाइल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नसते.

जागेसाठी पैसे घालवू नका. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला हमखास मिळतो, त्याने घुमारा फारसा कमी होत नाही. आवाज शोषायला जाड, मऊ वस्तू लागते आणि ती आपल्याकडे घरोघरी आहे. दिवाळीनंतर दर वाढायची वाट पाहत ज्या खोलीत कापूस रचलेला असतो, तिथे एकदा टाळी वाजवून बघा. टाळी हातातच विरते. शहरातल्या स्टुडिओत यासाठी खर्च करतात. मात्र साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि एका बैठकीत अर्ध्या तासाच्या वर बसू नका. कापूस नसेल तर तीन बाजूंना दोरीवर गोधड्या टाका. हंगामही तोच धरा, दिवाळी ते महाशिवरात्र. पंखा नाही, कूलर नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करून वाचणं माणसाला सोसत नाही आणि दुपारी टिनाचं छप्पर तापून कडकड वाजतं.

मोबाइल एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला. समोर धरला की प, फ, भ फुटतात. वाचायला लागण्याआधी दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करा, ती पुढे लागते.

आता खरं अवघड काम, आणि याबद्दल कुणी धड सांगत नाही. वाचणाऱ्याला चोर कोण ते ठाऊक असतं. ऐकणाऱ्या पोराला ठाऊक नसतं. वाचणाऱ्याचं हे ज्ञान त्याच्या नकळत आवाजात उतरतं. तिसऱ्या प्रकरणात गोड बोलणारे मुनीमजी पहिल्यांदा येतात आणि वाचक त्यांचं ‘या बाळांनो, या’ जरा लांबवतो, जरा खालच्या पट्टीत घेतो. झालं! सहावीतली पोरगी तिथेच सांगते, चोर हाच. पुढची बारा प्रकरणं वाया गेली. माझा सगळ्यात जास्त वेळ याच जागेने खाल्ला आहे.

म्हणून पुस्तक आधी दोनदा पूर्ण वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन धागेदोरे सापडतील ती वाक्यं अधोरेखित करा: चिखल लागलेले जोडे, उलटी टांगलेली किल्ली, ‘मी तर काल गावात नव्हतोच’. आता या वाक्यांवर जोर द्यायचा नाही. त्यांच्या मागच्या-पुढच्या वाक्यांचा जो वेग तोच यांचा, आणि आधी श्वासाला थांबायचं नाही. लेखकाने ते वाक्य गर्दीत लपवलं आहे, वाचणाऱ्याने त्याला बाहेर ओढू नये. गुन्हेगार उघडा पडेपर्यंत तो भला माणूस आहे असं समजूनच त्याचं बोलणं वाचा.

‘प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्या’ हा सल्ला नाटकाला ठीक आहे, रहस्यकथेत तो घात करतो. या पुस्तकांत वेषांतर असतं. घाटावरचा बैरागी शेवटी हरवलेला काका निघतो. काकाचा आवाज पहिल्या प्रकरणात ठरवून ठेवलात, तर बैरागी तोंड उघडताच पकडला जातो. अंधारात कुणीतरी कुजबुजतं, तेव्हा छापील पानावर नाव नसतं, पण पात्रं चौघांत वाटून घेतली असतील तर पोरं म्हणतात, हा तर आपला बंड्यादादा. त्यामुळे माझं मत पक्कं आहे: एका पुस्तकाला एकच वाचक. आवाज बदलायचा तो वेगाने आणि सुराच्या हलक्या चढउताराने. खोकला, घोगरेपणा, हेल काही नको. उत्साही मंडळींना वाईट वाटतं, त्यांना दुसरं पुस्तक द्या.

सांकेतिक चिठ्ठ्या हा आणखी एक पेच. ओळींच्या पहिल्या अक्षरांतून निरोप निघत असेल तर सलग वाचल्यावर तो ऐकूच येत नाही. ‘पहिली ओळ’, ‘दुसरी ओळ’ असं म्हणत वाचा. चिठ्ठीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक हाच पुरावा असेल तर? नुसती वाचली तर मुलावर अन्याय, फक्त तो शब्द फोडून सांगितला तर गुपित गेलं. अशा वेळी चिठ्ठी एकदा सरळ वाचायची आणि मग ‘लिहिली अशी आहे’ म्हणून प्रत्येक शब्दाची अक्षरं सांगायची. चुकीचा शब्द बाकीच्यांत लपून राहतो आणि नीट ऐकणाऱ्याला सापडतो. नकाशाचं चित्र असेल तर दिसतं तेवढंच सांगा: ‘विहिरीच्या उजवीकडे एक फुली’. फुलीचा अर्थ सांगू नका.

पारख एकच. पुस्तक न वाचलेल्या तीन-चार मुलांना निम्म्यापर्यंत ऐकवा आणि विचारा, संशय कुणावर? वेगवेगळी नावं आली तर पुढे चला. सगळ्यांनी एकमुखाने खरं नाव घेतलं तर विचारा, कशावरून? ‘त्याचा आवाजच तसा आहे’ असं उत्तर आलं तर त्या माणसाचे सगळे प्रसंग पुन्हा रेकॉर्ड करा. त्याला पर्याय नाही.

उच्चारांचं थोडक्यात. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘करावें’ असे अनुस्वार असतात, ते नाकात वाचू नका. ‘चोर’ हिंदीसारखा नको, ‘चाक’मधला च घ्या, हा शब्द पानोपानी येतो. ‘डोळा’ छापलं आहे तिथे आपल्या बोलीतला ‘डोया’ नको, पण पुणेरी हेल काढायचीही गरज नाही. आपल्या पोरांना आपल्या माणसाचा आवाज ऐकू द्या.

मिनिटाला 120 शब्द हा वेग चांगला. 20 हजार शब्दांचं पुस्तक पावणेतीन तासांत बसतं.

संपादनाला संगणकावरचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. सुरुवातीच्या शांततेचा नमुना देऊन त्यातलं नॉइज रिडक्शन (मागची खरखर कमी करणारी सोय) हलक्या हाताने लावा. जास्त लावलं की माणूस रांजणात बोलतोय असं वाटतं. दूरचा एखादा मोर राहिला तर राहू द्या. आवाजाचं सर्वांत उंच टोक उणे 3 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि 128 केबीपीएसची मोनो एमपी3 काढा.

फाइलींना फक्त आकडे द्या, 01, 02 असे. नुसतं 1 लिहिलं तर बऱ्याच फोनमध्ये 1 नंतर 10 वाजतं. प्रकरणांची नावं फाइलींवर लिहू नका. जुन्या पुस्तकांत शेवटून दुसऱ्या प्रकरणाचं नाव पुष्कळदा ‘मुनीमजींचं बिंग फुटलं’ अशा थाटाचं असतं, आणि यादी उघडताच पोरांना ते पहिल्या प्रकरणाआधीच दिसतं.