करारावर सही करण्याआधी

साताऱ्यातल्या सरकारी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विभागाची जबाबदारी अंगावर आली, की पहिला मोह होतो परदेशी विद्यापीठांना पत्रं धाडण्याचा. तो थोडा आवरा. आधी कपाटातले जुने सामंजस्य करार काढून वाचा. मुदत कधी संपते, कुणी पाठपुरावा केला, त्यातून एक तरी विद्यार्थी किंवा प्राध्यापक गेला-आला का, हे प्रत्येक करारापुढे लिहा. ज्यात काहीच हालचाल झालेली नाही, तो नूतनीकरणाला पाठवू नका.

संयुक्त पदवीचा, म्हणजे दोन्ही विद्यापीठांनी मिळून द्यायच्या पदवीचा विचार असेल, तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२चे विनियम शेजारी ठेवा. यूजीसीकडे वेगळी परवानगी न मागता करार करायचा, तर आपल्याला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरांत स्थान हवं, आणि समोरचं विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या हजारांत हवं. संयुक्त पदवीत दोन्हीकडून किमान ३० टक्के श्रेयांक (क्रेडिट) लागतात. यात बसत नसाल, तर विद्यार्थी-अदलाबदलीपासून सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो श्रेयांकांना. परीक्षा विभागाला पहिल्याच बैठकीला बोलवा, शेवटच्या नव्हे. अभ्यास मंडळाने दोन्ही अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून कुठला विषय कुठल्या विषयाच्या जागी धरायचा ते ठरवावं, विद्या परिषदेची मान्यता घ्यावी, आणि विद्यार्थी परदेशी निघण्यापूर्वीच तो कागद त्याच्या हातात असावा. परत आल्यावर गुणपत्रिकेत तिथले गुण चढत नाहीत म्हणून मुलाचं वर्ष अडकणं, ही माझ्या मते या कामातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. तिथली ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, कुणाच्या टेबलावर येणार, ते पदनामासह लिहून ठेवा.

मग विचारा, परदेशी माणसाने इथे का यावं? आपल्याकडे उत्तर आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप, धरणाच्या जलाशयाशी जोडला जाणारा, आजही भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. कराडजवळ केंद्र सरकारची खोल विंधनविवरांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. कासचं पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२पासून आहे. सातारा-सांगलीचं सहकारी साखर कारखान्यांचं जाळं समजून घ्यायला तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक सत्र पुरणार नाही. यातले दोनच विषय निवडा, त्यांचे तीन-चार आठवड्यांचे अभ्यासक्रम बांधा.

राहण्याची सोय वेळेत पाहा. परदेशी विद्यार्थी वसतिगृहात आला, की चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून (पूर्वीचा सी फॉर्म) कळवायची असते. व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल, तर चौदा दिवसांत नोंदणी. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परकीय नागरिक शाखेत आधीच ओळख करून घ्या आणि रेक्टरना फॉर्म भरायला शिकवून ठेवा. बाकी पाणी, गाद्या, इंटरनेट हे सांगायला नको.

आणि माण-खटाव-जावळीतल्या मुली? त्यातल्या बहुतेकींना परदेशी जायला मिळणार नाही. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’च्या जिल्ह्यात हे काम मूठभरांच्या विमानप्रवासापुरतं राहता कामा नये. तिकडच्या वर्गाबरोबर एक समाईक प्रकल्प ऑनलाइन चालवा. जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे दुपारी दोनचा तास तिथे सकाळी भरतो आणि गावाची शेवटची एसटीही चुकत नाही. इंग्रजी बोलण्याचा सराव त्याआधी एक सत्र तरी झालेला असू द्या, नाहीतर आपली मुलं पडद्यासमोर नुसती बसून राहतील.

ज्या मोजक्या जणी जातील, त्यांच्या पासपोर्टचे दीड हजार, व्हिसा शुल्क आणि विमा विद्यापीठाने भरावा. त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, लागेल. ती मागणी व्यवस्थापन परिषदेच्या अर्थसंकल्पी बैठकीच्या बऱ्याच आधी, आकड्यांसह, वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे पोचवा.