रंकाळ्याच्या काठी रात्र रंगवताना

रात्रीचे पहिले निसर्गचित्र मी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी, रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली बसून केले आणि त्या दिव्यानेच ते बिघडवले. सोडियमच्या दिव्याचा उजेड जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा असल्यामुळे पॅलेटवरचा पांढरा आणि पिवळा सारखेच दिसत होते, निळा तर काळाच वाटत होता. तो उठून दिसावा म्हणून मी निळा वाढवत गेलो. सकाळी खोलीत पाहिले, तर पाणी कपड्यांच्या निळीसारखे आणि काठावरच्या शालिनी पॅलेसचे प्रतिबिंब हळद माखल्यासारखे झाले होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी म्हणूनच आधी रंग काढू नयेत. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि एकदा मोबाईल पाहिला की तो सराव मोडतो. डोळे सरावले की लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो, हिरवा-निळा त्या मानाने उजळ राहतो. चांदणे हा चंद्रावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच असतो; त्याचा निळेपणा बराचसा आपल्या डोळ्यांचा आहे. तेव्हा तो ट्यूबमधून थेट काढू नये. मी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून गडद टोन करतो, कारण तो हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो. ट्यूबमधल्या काळ्याने चित्रात भोके पडल्यासारखी दिसतात.

अमेरिकन चित्रकार व्हिसलर यांनी १८७० च्या दशकात थेम्स नदीची रात्रीची चित्रे केली, ती बरीचशी स्मरणातून: दृश्य न्याहाळायचे, पाठ फिरवून ते शब्दांत सांगून पाहायचे आणि नंतर स्टुडिओत रंगवायचे. ज्या गावात चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव आणि रंकाळा रंगवला, तिथे जागेवर बसून काम करण्याचा अभिमान असतोच, त्यामुळे मला ही पद्धत आधी लबाडीच वाटली. आता मी काठावर पेन्सिलीने फक्त तीन टोनचे (उजळ, मध्यम, गडद) छोटे स्केच करतो, दिव्यांची जागा टिपतो आणि रंगकाम दुसऱ्या दिवशी उजेडात करतो.

दिवा उजळत नसेल, तर त्यात पांढरा घालत बसू नये, भोवतालचा टोन उतरवावा. कागदाच्या पांढऱ्याहून अधिक उजेड आपल्याकडे नसतोच. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लागतात. पहिल्या वर्षी मी दिसतील तितक्या पणत्या ठिपक्यांनी भरल्या आणि घाटाला लग्नाच्या मांडवाची कळा आली. पुढच्या वर्षी पायरीवरच्या तीनच पणत्या पूर्ण उजेडात ठेवल्या, बाकीच्या मातकट नारिंगीत उतरवल्या. तेव्हा कुठे मागची दगडी दीपमाळ, तिच्यावर एकही ठळक रेष न ओढता, अंधारातून नुसत्या कडेने ओळखू येऊ लागली.