मुलांना गोल्फ मैदानापर्यंत नेण्यासाठी अनुदान कसे मिळवावे

अमेरिकेतली एखादी छोटी संस्था गरीब वस्तीतल्या मुलांना गोल्फ शिकवायचं ठरवते आणि अनुदानाचा अर्ज लिहायला बसते. बहुतेक वेळा पहिल्या कागदावर उतरते ती सामानाची यादी: क्लब (गोल्फच्या काठ्या), चेंडू, बॅगा, हातमोजे, टोप्या. ही यादी बाजूला ठेवा. जुने क्लब देणगीत मिळतात, कित्येक गोल्फरांच्या गॅरेजमध्ये ते धूळ खात पडलेले असतात. मिळत नाही ती बस. शाळा सुटल्यावर मुलांना मैदानावर कोण नेणार आणि अंधार पडायच्या आत घरी कोण सोडणार, याचं उत्तर ज्या अर्जात असतं तो अर्ज वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो.

आधी अडथळा शोधा

या खेळाची दारं बंद असण्याला इतिहास आहे. पीजीए ऑफ अमेरिका या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या घटनेतलं 'फक्त गोऱ्यांसाठी' हे कलम १९६१ साली निघालं. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या विल्यम पॉवेल या कृष्णवर्णीय सैनिकाला ओहायोतल्या मैदानांवर खेळू दिलं जात नव्हतं आणि माजी सैनिकांसाठीचं कर्जही मिळालं नाही. मग दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी पैसे घातले, भावाने घर गहाण ठेवलं आणि पॉवेल यांनी १९४६ पासून ईस्ट कॅन्टनजवळच्या शेतजमिनीवर स्वतःच्या हातांनी क्लिअरव्ह्यू हे मैदान उभं केलं. पहिले नऊ होल (मैदानाचे टप्पे) १९४८ मध्ये खेळायला खुले झाले.

आज अडथळे वेगळ्या रूपात दिसतात, आणि प्रत्येक वस्तीत वेगळे. म्हणून अर्ज लिहिण्याआधी दहा-बारा पालकांशी बोला. कुठे बस नसते, कुठे आई दोन पाळ्यांत काम करते, कुठे धाकट्या भावंडाला सांभाळायची जबाबदारी मोठ्या मुलीवर असते. कुठे मैदानाच्या पोशाखाच्या नियमांची धास्ती असते, कारण कॉलरवाला शर्ट वेगळा विकत घ्यावा लागतो. व्हीलचेअरवरच्या मुलाला बसून फटका मारता येईल अशी खास गाडी लागते. ऐकलेलं लिहून ठेवा. या टिपणांतून जो एक अडथळा पुन्हा पुन्हा वर येईल, तोच तुमच्या अर्जाचा विषय. पाचही अडथळे एकाच अर्जात घालू नका. आठ हजार डॉलरच्या अनुदानात ते मावत नाहीत आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

कागदपत्रं

बहुतेक दाते फक्त ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमाफी मिळालेल्या धर्मादाय संस्थांना किंवा सरकारी शाळा, नगरपालिका अशांना पैसे देतात. दर्जा नसेल तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) अर्ज करावा लागतो. वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर १०२३-ईझेड हा छोटा फॉर्म चालतो आणि त्याचं शुल्क २७५ डॉलर आहे. मोठ्या फॉर्मला ६०० लागतात. घाई असेल तर आधीच दर्जा असलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करा. याला फिस्कल स्पॉन्सरशिप म्हणतात. पैसे त्यांच्या खात्यात येतात, काम तुम्ही करता, थोडी टक्केवारी ते ठेवतात. यात कमीपणा मानू नये.

कुणाचं दार ठोठवायचं

आधी आपल्या भागात फर्स्ट टीची शाखा आहे का ते पाहा. १९९७ साली सुरू झालेली ही संस्था मुलांना गोल्फ शिकवते. ती जे करतेच आहे तेच पुन्हा करायला कुणी पैसे देत नाही, पण तिच्या वर्गापर्यंत मुलं पोचवण्याचं काम तुम्ही मागून घेऊ शकता. पीजीए ऑफ अमेरिकेची धर्मादाय शाखा पीजीए रीच आहे. मुलींसाठी १९८९ पासून चालणारा एलपीजीए (व्यावसायिक महिला गोल्फरांची संघटना) आणि यूएसजीए (अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ संघटना) यांचा गर्ल्स गोल्फ कार्यक्रम आहे. यूथ ऑन कोर्स ही संस्था २००६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिचे ६ ते १८ वयाचे सदस्य सहभागी मैदानांवर पाच डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत खेळतात आणि उरलेल्या रकमेचा भार संस्था उचलते. वर्ग संपल्यावर मुलं खेळत राहतील का, या प्रश्नाला अर्जात हे चांगलं उत्तर आहे. थोडी मोठी मुलं असतील तर कॅडीचं (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याचं) काम आणि १९३० पासूनची इव्हान्स स्कॉलर्स शिष्यवृत्तीही लक्षात ठेवा. ती गरजू कॅडींना कॉलेजची पूर्ण फी आणि राहण्याची सोय देते.

तरीही पहिलं अनुदान गोल्फच्या संस्थांकडून मिळेलच असं धरून चालू नका. माझ्या मते गावातलं किंवा काउंटीतलं (जिल्ह्यातलं) कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे स्थानिक देणग्या गोळा करून स्थानिक कामांना देणारी संस्था, जास्त जवळचं दार आहे. तिथल्या लोकांना तुमची वस्ती माहीत असते. त्यांच्यासमोर 'गोल्फ' हा शब्द मागे ठेवा आणि शाळेनंतरच्या तीन तासांचा प्रश्न पुढे करा.

खासगी फाउंडेशनचं मन ओळखायचा एक साधा मार्ग आहे. त्यांना दरवर्षी ९९०-पीएफ हा फॉर्म भरावा लागतो, आणि तो सार्वजनिक असतो. कुणाला किती पैसे दिले याची यादी त्यात असते. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. ज्यांची देणगी पाच हजारांच्या वर जातच नाही त्यांच्याकडे तीस हजार मागू नका. वाद्यवृंद आणि संग्रहालयांनाच देणाऱ्याकडे जाऊच नका.

मैदानाचं पत्र

मुलांसाठी वेळ राखून ठेवल्याचं मैदानाचं पत्र अर्जाला जोडा. शनिवारी सकाळची वेळ मागितलीत तर मैदानाचा व्यवस्थापक गोड बोलून वाटेला लावेल, कारण त्याच वेळी त्याचं पोट भरतं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी ड्रायव्हिंग रेंज (फटक्यांचा सराव करायची जागा) ओस असते. ती मागा. आणि 'आमचा पाठिंबा आहे' असं मोघम पत्र घेऊ नका. कोणते दिवस, किती ते किती, किती मुलं, चेंडूंच्या बादल्या कुणाकडून आणि पाऊस आला तर काय, एवढं त्यात हवं.

अंदाजपत्रक

समजा २४ मुलं, आठ मंगळवार. बस फेरीला ३०० प्रमाणे २,४०० डॉलर. दोन प्रशिक्षक, रोज तीन तास, तासाला ४० प्रमाणे १,९२०. रेंजचे चेंडू आणि छोटा राउंड मुलामागे दर वेळी ६, म्हणजे १,१५२. खाणं मुलामागे दर वेळी ५, म्हणजे ९६०. मुलांच्या मापाचे क्लबचे १२ संच, ११० प्रमाणे १,३२०. विमा आणि मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासणी ९००. बेरीज ८,६५२, म्हणजे मुलामागे साधारण ३६० डॉलर.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे दर चौकशी करून घाला आणि बस कंपनीचं लेखी दरपत्रक जोडा. २४ मुलांना १२ संच पुरतात, कारण निम्मी मुलं फटके मारत असताना निम्मी पुटिंगवर (चेंडू खळग्यात ढकलायच्या सरावावर) असतात. हे वाक्य अर्जात लिहा, विचार केलेला दिसतो. डावखुऱ्यांसाठी दोन संच धरा, ते नेहमी विसरले जातात. मैदानाने रेंज फुकट दिली तर ती रक्कम गाळू नका, मैदानाचा वाटा म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवा. खाण्याचे पैसे लिहायला अनेकांना संकोच वाटतो. शाळेत साडेअकराला जेवलेलं मूल साडेचारला उन्हात क्लब फिरवणार असेल तर संकोच कसला?

अर्ज लिहिताना

आधी फोन करा किंवा एका पानाचं चौकशीपत्र पाठवा. अर्जात मुलांना दीनवाणं करू नका. आपल्याच मुलाबद्दलचा परिच्छेद वाचून एखाद्या आईला मान खाली घालावी लागेल असं वाक्य दिसलं तर खोडा. 'आत्मविश्वास वाढेल' हे मोजता येत नाही. मोजता येईल असं लिहा: २४ पैकी किती मुलं सहा किंवा जास्त मंगळवारी आली, किती जणांनी पूर्ण नऊ होल खेळले, पुढच्या हंगामाला किती परत आली.

पैसे आल्यावर

पहिल्या दिवसापासून हजेरीची वही ठेवा. फोटो काढण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. बसचा खर्च वाचला आणि तो क्लबवर घालावासा वाटला, तर दात्याला आधी विचारा. नकार आला तर आठवडाभराने विनम्र पत्र लिहून कारण विचारा, बरेच जण सांगतात. मंजूर झालं असेल तर अहवाल मुदतीच्या आत द्या आणि गळालेल्या मुलांची संख्या लपवू नका. पाच मुलं का गळली, आणि त्यातल्या तिघांच्या थांब्यावर बस जातच नव्हती, हे लिहिलंत की दुसऱ्या वर्षीच्या अर्जाचा पहिला परिच्छेद तयार असतो.