जुनी मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हरं गोळा करताय? या चुका टाळा

जुन्या मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रिव्हॉल्व्हरांचा संग्रह करायला निघालेला माणूस सुरुवातीला हत्यार विकत घेत नाही, त्याच्याभोवतीची गोष्ट विकत घेतो. ‘हे आमच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरलं’, ‘हे एका शेरीफच्या कमरेला असायचं’, ‘हे कपाटातून कधी बाहेरच आलं नाही’. विकणारा खोटंच बोलतो असं नाही, बऱ्याचदा त्यालाही कुणीतरी तेच सांगितलेलं असतं. पण पुरावा नसेल तर त्या गोष्टीला एक पैसाही जास्त मोजू नका. पोलाद काय सांगतं ते बघा. कारखान्याचं पत्र असेल तर ते मात्र जरूर वाचा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकी शस्त्र कंपन्यांच्या बऱ्याचशा जुन्या नोंदी टिकून आहेत. शुल्क भरलं की अमुक नंबरचं रिव्हॉल्व्हर कधी, कोणत्या फिनिशमध्ये आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झालं हे लेखी मिळू शकतं.

त्याआधी कायदा. परवाना, संख्येची मर्यादा, ने-आण, साठवण याचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. ‘जुनं आहे, चालतं’ हे वाक्य कुठल्याही अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र पुरातन धरतात, पण ती तारीख दुसऱ्या देशात लागू नाही. पैसे देण्याआधी आपल्याकडचा नियम स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका.

चकाकीला भुलणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण तिच्यात पैसा तर जातोच, शिवाय एक जुनी वस्तू कायमची बिघडते.

ओळखीतल्या एका तरुणाला कोल्टचं एम १९१७ मिळालं. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली तेव्हा सैन्याकडे .४५ ची (नळीचं माप, इंचात) पिस्तुलं पुरेशी नव्हती. म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी आपापली मोठ्या फ्रेमची रिव्हॉल्व्हरं .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी बनवून दिली, दोघांची मिळून सुमारे ३ लाख. स्मिथ अँड वेसनच्या तुकड्यांवर, म्हणजे रिव्हॉल्व्हरांवर, त्यातल्या त्यात बरं पॉलिश होतं. कोल्टच्या तुकड्यांवर मात्र ब्लूइंगच्या (पोलादावर चढवलेल्या निळसर-काळ्या थराच्या) खाली पॉलिशच्या पट्ट्याचे ओरखडे सरळ दिसतात. युद्धाची घाई त्या ओरखड्यांत उतरलेली आहे आणि संग्राहक नेमकं तेच शोधत असतो. या मुलाच्या रिव्हॉल्व्हरची बॅरल टोकाशी होल्स्टरमध्ये घासून पांढरी पडली होती, मुठीखालची दोरीची कडी जागेवर होती, बॅरलच्या खालच्या अंगावरची ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ ही अक्षरं नखाला लागत होती. मी त्याला सांगितलं, तेल लाव आणि ठेवून दे.

त्याला धीर निघाला नाही. काही आठवड्यांनी तो तेच रिव्हॉल्व्हर घेऊन आला, बफिंगच्या चाकावर घासून, नव्याने ब्लूइंग करून, दागिन्याला उजाळा दिल्यासारखं. ओरखडे गेले होते. त्यांच्याबरोबर फ्रेमवरचा तपासनिसाचा गरुडछाप शिक्का गेला होता, बॅरलखालची अक्षरं एका बाजूने पुसली होती, साइडप्लेटची (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाची) फट उघडी पडली होती आणि स्क्रूंच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडले होते. ‘आता याची किंमत किती वाढली असेल?’ असं त्याने मोठ्या उत्साहाने विचारलं. मला त्याला खरं ते सांगावं लागलं. शंभर वर्षं टिकलेला पृष्ठभाग त्याने एका दुपारीत संपवला होता आणि तो परत आणायचा उपाय कुणाकडेही नाही.

म्हणून दोन गोष्टी. आपल्याकडच्या तुकड्याला कधीही पॉलिश करू नका. आणि दुसऱ्याने पॉलिश केलेला तुकडा ओळखायला शिका. फ्रेमच्या कडा हाताला धारदार लागल्या पाहिजेत. अक्षरांची खोली सगळीकडे सारखी पाहिजे. गंजाच्या खड्ड्याच्या तळाशी निळाई दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा: आधी गंज आणि मग ब्लूइंग हा क्रम कारखान्यात होत नाही. जुन्या स्मिथ अँड वेसनचा हॅमर (काडतुसावर आघात करणारा भाग) आणि चाप केस-हार्डन केलेले, म्हणजे वरचा थर कडक केलेले असतात, त्यांवर करड्या-तपकिरी-निळ्या रंगांचे ढग दिसतात. तेही एकसारखे काळे झाले असतील तर कुणीतरी सगळं रिव्हॉल्व्हर ब्लूइंगच्या टाकीत बुडवलं आहे. याच कंपनीकडे दुरुस्तीला परत गेलेल्या तुकड्यावर मुठीखाली नंबराजवळ छोटी चांदणी ठोकलेली सापडते. ती दिसली तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा.

हलक्या गंजावर माझा उपाय एकच आहे. पातळ तेल लावून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तांब्याच्या पट्टीच्या कडेने हळूहळू खरवडायचं, पुसायचं आणि पुन्हा तेल. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने ब्लूइंगला ओरखडा पडत नाही. वेळ लागतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी गंज तसाच तेलाखाली ठेवावा, बिघडत काही नाही.

बसतं म्हणून चालतं असं समजणं

काडतूस चेंबरमध्ये (फिरत्या सिलिंडरमधल्या भोकात) बसलं म्हणजे रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाचं आहे हा समज धोक्याचा आहे, आणि मोठ्या बोअरमध्ये तो वारंवार आडवा येतो.

सर्वांत ठळक उदाहरण वेब्ली मार्क ६ चं. १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेलं हे .४५५ चं रिव्हॉल्व्हर युद्धांनंतर मोठ्या संख्येने अमेरिकेत विकलं गेलं. तिथे .४५५ ची काडतुसं मिळेनात, म्हणून विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू तासली, जेणेकरून .४५ एसीपीची काडतुसं अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये अडकवून बसवता यावीत. बसतात, उडतातही. पण .४५ एसीपीचा कमाल दाब सुमारे २१ हजार पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे, आणि कारखान्याचं पूर्ण ताकदीचं एसीपी काडतूस वेब्लीच्या मूळ प्रूफ चाचणीच्या (मुद्दाम जास्त दाब देऊन घेतलेल्या चाचणीच्या) दाबाच्याही वर जातं. ‘इतकी वर्षं चाललंय’ म्हणणाऱ्या एका गृहस्थांच्या सिलिंडरला, तो जागेवर अडकवणाऱ्या बाहेरच्या खाचेपाशी, केसासारखा तडा मी स्वतः पाहिला आहे. त्यांना तो दाखवेपर्यंत दिसलाही नव्हता. चेंबरची भिंत सगळ्यात पातळ असते ती तिथेच, त्यामुळे भिंग लावून आधी तिथे बघा.

तासलेला सिलिंडर ओळखणं सोपं आहे. सिलिंडरची मागची बाजू आणि फ्रेम यांच्यामधली फट नेहमीपेक्षा बरीच रुंद दिसते. असं रिव्हॉल्व्हर संग्रहात ठेवायला हरकत नाही, पण ते तासलेलं म्हणूनच विकत घ्या, तासलेलं म्हणूनच नोंदवा, आणि एसीपीचा खोका त्याच्या जवळपास ठेवू नका.

याच जातीची दुसरी फसगत .४५ कोल्टची. हे काडतूस १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरचं, काळ्या दारूच्या काळातलं. त्याचा प्रमाणित कमाल दाब १४ हजार पीएसआय. आज याच नावाने फार ताकदीची काडतुसंही विकली जातात, ती रुगर ब्लॅकहॉकसारख्या जाड सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरांसाठी. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, पण खोका वाचतो कोण? कोल्टने सिंगल ॲक्शन आर्मीसाठी धूरविरहित दारूची हमी १९०० च्या सुमाराला द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या तुकड्यात आधुनिक काडतूस घालायचंच नाही, हलकंसुद्धा नाही.

पहिल्या महायुद्धातली .४५५ ची स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट न्यू सर्व्हिस रिव्हॉल्व्हरंही पुढे बरीच .४५ कोल्टसाठी खोल केली गेली. बॅरलवर एक लिहिलेलं आणि चेंबर दुसऱ्याच मापाचं, असं त्यांत हमखास आढळतं. जुन्या मोठ्या बोअरच्या प्रत्येक तुकड्याचं चेंबर जाणकार गनस्मिथकडून मोजून घ्यावं हे माझं ठाम मत आहे. अक्षरांवर विसंबू नका.

हातात घेऊन तपासायचा कंटाळा

आधी सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघायचं. विकणाऱ्याने आत्ताच दाखवलं असलं तरी. मग मालकाची परवानगी घेऊन पुढचं.

सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका दाब ठेवून हॅमर सावकाश मागे ओढा. हॅमर अडकण्याआधी सिलिंडर खाचेत ‘टक्’ करून बसला पाहिजे. हे प्रत्येक चेंबरला करायचं. लोक एका चेंबरला करून मान डोलावतात, आणि टायमिंग चुकलेलं असतं ते नेमकं तिसऱ्या किंवा पाचव्याचं. मग हॅमर मागे असताना, चापाला बोट न लावता, अंगठ्याने तो पुढे ढकलून बघा. तो सुटला तर ते रिव्हॉल्व्हर असुरक्षित आहे, किंमत कितीही कमी असो.

सिलिंडर पुढे-मागे किती हलतो, बॅरल आणि सिलिंडर यांच्यात फट किती, हे मी फीलर गेजने मोजतो. पातळ पट्ट्यांचं हे साधन खिशात मावतं आणि तरी ते बरोबर ठेवणारा माणूस मला क्वचित भेटतो. फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असावी. ०.२५ च्या पुढे गेली की मी शंका घेतो. कडेकडेने थोडं हलणं स्मिथ अँड वेसनमध्ये स्वाभाविक आहे. जुन्या कोल्टची रचना वेगळी: चाप पूर्ण दाबून धरला की सिलिंडर घट्ट आवळला जातो. त्यामुळे कोल्टची सवय झालेला माणूस चांगलं स्मिथ नाकारतो, आणि स्मिथची सवय झालेला झिजलेलं कोल्ट घेऊन घरी जातो.

.४४ मॅग्नमच्या बाबतीत अजून एक. १९५५ च्या अखेरीस आलेलं स्मिथ अँड वेसनचं हे रिव्हॉल्व्हर, ज्याला १९५७ पासून मॉडेल २९ म्हणतात, ताकदवान काडतुसांच्या सततच्या माऱ्याने सैल पडतं. कंपनीने पुढे आतल्या रचनेत बदल केले आणि सिलिंडरच्या खाचाही लांब केल्या. म्हणून त्याआधीच्या तुकड्यात खाचांच्या कडा ठोकल्यासारख्या पसरल्या आहेत का ते बघा. टॉप स्ट्रॅपच्या (सिलिंडरवरून जाणाऱ्या फ्रेमच्या पट्टीच्या) खाली, बॅरलच्या मुळाशी ज्वाळेने कापलेली बारीक रेघ दिसली तर घाबरू नका, ती बहुधा थोडी वाढून थांबते. फोर्सिंग कोनमधला (बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडातला) तडा मात्र थांबत नाही. आणि बॅरलमधून प्रकाशाकडे बघताना आत काळी गोल कडी दिसली तर तिथे बॅरल फुगलेली आहे. त्यावर घासाघीस करू नका, तो तुकडा सोडून द्या.

चुकीचा नंबर लिहून घेणं

स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर बाहेर काढला की योकच्या (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या भागाच्या) खाचेत मॉडेलचा आकडा आणि आणखी एक नंबर दिसतो. नवशिके तोच सीरियल नंबर समजतात. तो जुळणीचा, म्हणजे कारखान्यात भाग जुळवताना वापरलेला नंबर आहे. जुन्या मोठ्या फ्रेमचा सीरियल नंबर मुठीच्या तळाशी असतो, आणि त्यासाठी कधी मोठ्या आकाराची ग्रिप (मुठीवरचं आवरण) काढावी लागते. परवान्यावर जुळणीचा नंबर चढला तर कागद आणि हत्यार जुळत नाहीत, आणि तो घोळ निस्तरताना माणूस मेटाकुटीला येतो. जुन्या तुकड्यांत सिलिंडर, बॅरलचा खालचा सपाट भाग आणि उजव्या ग्रिपची आतली बाजू इथेही तोच सीरियल असतो. सगळे जुळले तर तुकडा एकसंध आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करू नका, योक वाकतो. माझ्या हातातल्या वस्तूला कुणी असं केलं तर मी ती परत मागून घेतो.

साइडप्लेट स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. स्क्रू काढून मुठीच्या फ्रेमवर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, ती आपोआप वर येते. स्क्रू निघाले त्या क्रमाने ठेवा, कारण योकचा स्क्रू त्याच जागेसाठी बसवलेला असतो.

निकेल प्लेटिंगवर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट लावू नका. निकेलखाली तांब्याचा थर असेल तर तो खाल्ला जातो आणि निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा फोमच्या पेटीत वर्षानुवर्षं साठवू नका. दोन्ही ओल धरतात. होल्स्टर वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं, कुलूपबंद कपाटात सिलिका जेल, आणि हाताळल्यावर बोटांचे ठसे पुसून मेणाचा पातळ हात. आळशी माणसाचा संग्रह पावसाळ्यात ओळखू येतो.

रुगरची १९७३ च्या आधीची तीन स्क्रूंची ब्लॅकहॉक आणि सुपर ब्लॅकहॉक घेतलीत तर हॅमर नेहमी रिकाम्या चेंबरवर ठेवायचा, म्हणजे पाचच काडतुसं भरायची. कंपनी सुरक्षेचा बदल फुकट करून देते आणि काढलेले मूळ भाग परत पाठवते. वापरायचं असेल तर बदल जरूर करून घ्या. पण ते मूळ भाग पिशवीत घालून, पिशवीवर सीरियल नंबर लिहून रिव्हॉल्व्हरच्या कागदांबरोबर ठेवा. आणि असं बदललेलं रुगर कुणाकडून विकत घेत असाल तर पैसे मोजायच्या आधी ती पिशवी मागा.