फ्रान्समधल्या बोर्दोतली संध्याकाळची वाइन-टूर: बेळगावकरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणार असाल तर विमानातून उतरल्या दिवशी टूर घेऊ नका. जागरणाने नाक मंदावतं. बुकिंग करतानाच ‘मांस नको’ असं कळवा, कारण सोबतच्या ताटलीत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. पक्के शाकाहारी असाल तर चीजचंही विचारा. तिथल्या अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं.

त्या संध्याकाळी अत्तर नको. थोडं खाऊन जा, पण बरोबर नेलेला कुंदा आधी नको: गोडानंतर वाइन आंबट लागते.

ग्लास दांडीला धरा, नाहीतर हाताच्या उबेनं वाइन तापते. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. छोटा घोट पाच-दहा सेकंद तोंडात घोळवा. कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष जास्त असलेली, नदीच्या डाव्या काठची वाइन जांभळासारखी हिरड्यांना तुरट पकडते. उजव्या काठची, मर्लो हे द्राक्ष जास्त असलेली वाइन मऊ लागते. हा फरक जिभेला कळला की पैसे वसूल. सोतेर्न ही गोड वाइन शेवटीच घ्या.

एका वेळी 50 मिली धरले तरी सहा ग्लासांत 300 मिली होतात. म्हणून घोट न गिळता त्यासाठी ठेवलेल्या भांड्यात थुंका, तिथे त्यात काहीच गैर नाही. बाटल्या चेक-इन सामानातच टाका.