लघवीला जळजळ : आधी नमुना, मग गोळी

मी नागपूरच्या महाल भागातल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एप्रिल लागला की आमच्याकडे लघवीच्या तपासण्या वाढतात. येणारी बाई चिठ्ठी पुढे करते आणि हळू आवाजात म्हणते, "ताई, उन्हाळी लागली, खूप जळून राहिलं." तोवर तिचं धने-जिऱ्याचं पाणी पिऊन झालेलं असतं, सब्जा झालेला असतो आणि बरेचदा शेजारणीकडच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही झालेल्या असतात. त्या गोळ्यांचं मला फार वाईट वाटतं. औषध लिहून देणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण बाटली भरण्याआधी आणि रिपोर्ट आल्यावर काय करायचं, हे मी अगदी कळकळीनं सांगू शकते.

उन्हामुळे जळजळ होते, हे खरं आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. सगळं पाणी घामावाटे जातं, लघवी थोडी आणि गडद पिवळी होते आणि ती झोंबते. अशा वेळी दिवसभर पाणी, ताक, पन्हं घेतलं की रंग फिका होतो आणि झोंबणंही थांबतं. थांबलं तर प्रश्न मिटला. पण भरपूर पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी जळजळ तशीच असेल, सारखी घाई होऊन चारच थेंब येत असतील, ओटीपोटात दाटल्यासारखं दुखत असेल, लघवी गढूळ किंवा उग्र वासाची असेल, तर दोष उन्हाला देऊ नका. हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. जंतू बहुधा आपल्याच आतड्यातला असतो, त्याचं नाव ई. कोलाय. बायकांची मूत्रनळी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची साधारण २०. म्हणून हा त्रास बायकांना जास्त होतो. त्यात अस्वच्छतेचा ठपका ठेवून कुणी लाजून बसण्यासारखं काही नाही.

खाज येते, पांढरं जातं आणि लघवी बाहेरच्या कातडीला लागली की चुरचुरतं, असं असेल तर दुखणं योनीमार्गाचं असू शकतं. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण त्याची तपासणी आणि औषध दोन्ही वेगळी. नवराबायकोच्या संबंधांनंतर त्रास सुरू झाला असेल किंवा पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल, तर तेही सांगायला हवं. दोघांनाही उपचार लागू शकतो.

आता ज्यांनी उद्यावर ढकलायचंच नाही, त्यांच्याबद्दल. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं आणि उलट्या म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची शक्यता. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी उघडी असते आणि १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते. मुतखड्याची कळ कमरेतून जांघेकडे उतरते. तिच्यासोबत ताप असेल तर एक तासही घरी काढू नका. लघवी पूर्ण तुंबली असेल, तिच्यातून रक्त जात असेल, म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं असेल, तरीही थेट दवाखाना.

गर्भार बाईनं तर साधी जळजळसुद्धा अंगावर काढू नये. संसर्ग वर चढला तर दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याचा धोका असतो. गांधीबागेजवळचं डागा रुग्णालय बायकांसाठीच आहे, तिथे दाखवता येतं. मधुमेह असलेले, किडनीचे रुग्ण, लहान मुलं आणि कुठल्याही वयाचा पुरुष, यांनीही घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये यामागे प्रोस्टेट ग्रंथीचा त्रासही असू शकतो. तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. सर्दी-खोकला नसताना ताप येत असेल तर त्याचीही लघवी तपासावी लागते.

नमुना कसा द्यायचा, यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू प्लेटवर वाढवून ओळखायची तपासणी, करायचं असेल तर पहिली गोळी पोटात जाण्याआधी नमुना द्या. दोन गोळ्यांनी जंतू दबतात, मरत नाहीत, आणि आमच्या प्लेटवर काहीच उगवत नाही. मग डॉक्टरांना अंदाजानंच औषध द्यावं लागतं. बाटली लॅबमधूनच घ्या. ती निर्जंतुक असते, घरची धुतलेली औषधाची बाटली तशी नसते. साध्या पाण्यानं पुढून मागे धुवा. डेटॉल नको, साबण नको. पहिली धार सोडून द्या, मधली बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका. पाळी चालू असेल तर सांगा, नाहीतर रक्तपेशी दिसल्या की उगाच घाबरगुंडी उडते. सकाळची पहिली लघवी उत्तम.

आणि ती तासाभरात पोचवा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, गाडीच्या डिकीत बाटली ठेवून सीताबर्डीच्या बाजारात खरेदी उरकून येणारे लोक मी पाहते. उबेत ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे रिपोर्टमध्ये दिसतं ते डिकीत वाढलेलं. उशीर होणारच असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

मायक्रोस्कोपखाली पस सेल (पूच्या पेशी) आहेत का, ते त्याच दिवशी कळतं. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. त्रास जास्त असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात, तेच योग्य. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोड सिरपनं जळजळ कमी होते, जंतू जात नाहीत. त्यामुळे बरं वाटलं म्हणून तपासणी टाळू नका. पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. बाजारात बाथरूम मिळत नाही म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या कितीतरी बायका मला भेटतात. त्यांची अडचण खोटी नाही, पण घरून निघताना आणि पोचल्याबरोबर लघवीला जायची सवय ठेवा, तुंबवून ठेवू नका.

कल्चरच्या कागदावर औषधांची यादी असते. नावापुढे 'एस' असेल तर ते औषध त्या जंतूवर चालतं, 'आर' असेल तर चालत नाही. तुमच्या चालू गोळीपुढे 'आर' दिसलं किंवा दोन दिवस औषध घेऊनही उतार नसेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. 'मिश्र वाढ', म्हणजे एकाहून जास्त प्रकारचे जंतू, लिहिलं असेल तर बहुतेकदा नमुना बिघडलेला असतो, तो पुन्हा द्यावा लागतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा हाच त्रास झाला तर जुने रिपोर्ट घेऊन जा आणि सोनोग्राफी व साखरेची तपासणी करायची का, ते विचारा.