लेगोची भुयारी रेल्वे बांधताय? या चुका टाळा

लेगोची रेल्वे करायची म्हटलं की हल्ली बऱ्याच जणांना थेट लंडनची ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वेच, करायची असते. करा की, गाडी देखणीच आहे. पण पद्धत ठरलेली: नेटवर फोटो बघायचा, त्याच रात्री सॉफ्टवेअरमध्ये गाडी उभी करायची, सकाळी विटांची ऑर्डर टाकायची आणि महिन्याभराने मला विचारायचं, "काका, गाडी वळणावर का पडते?" अहो, गाडी फोटोवरून ठरत नाही, वळणावरून ठरते. एवढं एक पटलं तर खालच्यातल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

उदाहरण म्हणून १९३८ ची ट्यूब धरतो. नवख्यांना मी हीच सुचवतो. सगळी गाडी लाल, छत गडद राखाडी, आणि साधा लाल हा लेगोचा इतका जुना रंग की हवा तो तुकडा बहुतेक वेळा मिळतो. खऱ्या गाडीत विजेची सगळी यंत्रं पहिल्यांदाच फरशीखाली गेली, त्यामुळे डब्याला सलग, स्वच्छ आकार आला. लंडनमध्ये ती १९८८ पर्यंत धावली आणि त्यातल्या काही गाड्या आइल ऑफ वाइट बेटावर थेट जानेवारी २०२१ पर्यंत. म्हणजे फोटोंना तोटा नाही.

पूर्ण लांबीचा डबा आणि लेगोचं वळण

खरा डबा साधारण १६ मीटर लांब आणि २.६ मीटर रुंद. १:४८ प्रमाण धरलं, आणि एक स्टड (विटेवरचा गोल उंचवटा, आपलं मोजायचं माप) म्हणजे ८ मिलिमीटर, तर डबा येतो ७ स्टड रुंद आणि सुमारे ४२ स्टड लांब. कागदावर सुरेख. आता लेगोचं नेहमीचं वळण बघा: त्रिज्या ४० स्टड, १६ तुकड्यांत पूर्ण गोल. म्हणजे वळणाच्या त्रिज्येपेक्षा डबाच लांब! खऱ्या रेल्वेत असं कोणी केलं तर त्याला कामावरून काढतील.

दोन बोगींमध्ये (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची फिरती चौकट) २८ स्टड अंतर ठेवलंत तर वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला अडीच स्टड घुसतो आणि टोकाचे कोपरे तितकेच बाहेर येतात. सरळ रुळावर मध्यापासून साडेतीन स्टड जागा पुरते, वळणावर दोन्ही बाजूंना सहा लागते. ही भूमिती लंडनलाही चुकलेली नाही. बँक स्टेशनवर सेंट्रल लाइनचा फलाट वाकडा आहे, कारण बोगदा वरच्या रस्त्यांच्या वळणांनुसार खणलाय. सरळ डबा वाकड्या फलाटाला लागला की मध्ये फट राहणारच. 'माइंड द गॅप' ही घोषणा १९६८ च्या सुमारास आली ती अशाच फलाटांपायी.

एका प्रदर्शनात घडलेला प्रकार सांगतो. कॉलेजातल्या एका मुलाने याच गाडीचे चार डबे आणले होते, पूर्ण लांबीचे. काम इतकं नेटकं की मीसुद्धा वाकून बघत होतो. फलाट सरळ रुळावर होता, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, आणि फलाट संपला की लगेच वळण सुरू. फलाटाच्या कडेला त्याने ओळीने माणसं उभी केलेली: छत्रीवाला, बॅगवाली बाई, एक पोलीस. गाडी निघाली. पहिल्या डब्याचं तोंड फलाटाजवळून अगदी व्यवस्थित सरकलं. मुलगा हसला. मग पुढची बोगी वळणावर चढली, डबा फिरला आणि त्याचं मागचं टोक फलाटावर आलं. एसटी स्टँडातून बाहेर पडताना तिचा मागचा भाग कसा उलट्या बाजूला फेकला जातो, तस्साच. छत्रीवाला गेला, बाई गेली, पोलीस रुळावर आडवा. दुसऱ्या डब्याने फलाटाच्या कडेच्या टाइल, म्हणजे स्टड नसलेल्या गुळगुळीत पट्ट्या, उचकटल्या. तिसऱ्याचा कोपरा त्या खाचेत अडकला, चुंबकाची जोडणी सुटली आणि मोटर असलेला पहिला डबा एकटाच पुढे निघून गेला. समोरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा खेळाचाच भाग. मुलगा मात्र पांढराफटक. म्हणाला, "काका, कॉम्प्युटरवर तर सगळं बसत होतं."

बसतच होतं. कॉम्प्युटरवर गाडी सरळ रुळावर उभी होती.

आम्ही त्या दिवशी फलाटाच्या शेवटी आणि वळणाच्या आधी तीन सरळ रूळ घुसवले, म्हणजे ४८ स्टड. पुढची बोगी वळायला लागते तेव्हा डब्याचं शेपूट तिच्यामागे ३५ स्टडवर असतं. ते फलाटाच्या पुढे गेलेलं असलं की प्रश्न मिटला. दोन रुळांतही जवळपास भागतं, पण मग फलाटाची कडा एक स्टड मागे घ्या. बिचाऱ्याचं टेबल तेवढं लांब नव्हतं. शेजारच्या स्टॉलवाल्याची जागा मागून घ्यावी लागली.

माझी स्वतःची सवय वेगळी. एकही वीट विकत घेण्याआधी मी शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा डब्याच्या मापाने कापतो, दोन बोगींवर दुहेरी चिकटपट्टीने बसवतो, चारही कोपऱ्यांना पेन्सिलीचे तुकडे लावतो आणि रुळाखाली जुनं वर्तमानपत्र पसरून हाताने ढकलत नेतो. कागदावर ज्या रेघा उमटतात, त्यांच्या आत काही ठेवायचं नाही. फलाट नाही, सिग्नल नाही, बोगद्याची भिंत नाही. पुष्कळांना हे पोरकट वाटतं, त्यांना तेच ॲनिमेशनमध्ये करायचं असतं. करा. पुठ्ठ्याला अर्धा तास लागतो.

दुसरा उपाय म्हणजे डबाच आखूड करा. ३४-३६ स्टडचा डबाही ट्यूबच दिसतो, एका अटीवर: दारं कापायची नाहीत, खिडक्या कापायच्या. या गाडीच्या चालकाच्या डब्याला दोन दुहेरी दारं आणि मागच्या टोकाला एक एकेरी दार असतं. ही लय मोडली की डोळा लगेच ओळखतो. एक खिडकी कमी झालेली कोणी मोजत नाही. मोजणारा भेटलाच तर त्याला चहा पाजा आणि सोडून द्या.

आणि जोडणी डब्याच्या अंगाला नाही, बोगीच्या चौकटीला लावा. अंगाला लावली तर उजवीकडून लगेच डावीकडे जाणाऱ्या वळणावर एका डब्याचं टोक इकडे आणि दुसऱ्याचं तिकडे जातं. चुंबक त्यांना ओढतो आणि हलका डबा रुळावरून उचलला जातो.

सात स्टडची रुंदी आणि हरवलेला अर्धा स्टड

सात का, सहा किंवा आठ का नाही, असं विचारणारे असतात. गाडीचं तोंड बघा: मधोमध दार, त्याच्या दोन्ही बाजूंना खिडकी. दोन, तीन, दोन. सम रुंदीत मधलं दार एकतर फार बारीक होतं नाहीतर फार जाड.

पण विषम रुंदीची एक खोड आहे. सात स्टडचा मध्य चौथ्या स्टडच्या पोटात येतो, आणि लेगोची मोटर, फिरती चकती, बोगीचा सांधा हे सगळं सम मापाचं, म्हणजे त्यांचा मध्य दोन स्टडच्या मध्ये. दोघांची गाठ सरळ घातली तर डबा रुळाच्या एका बाजूला ४ मिलिमीटर सरकलेला राहतो. समोरून पाहिल्याशिवाय कळत नाही. कळतं तेव्हा चारही डबे बांधून झालेले असतात, आणि मग लोक फलाट सरकवतात! दोन्ही बोगींच्या वर जंपर प्लेट घाला, जिच्यावर एकच स्टड मधोमध असतो, आणि अर्धा स्टड परत मिळवा. आत हब, म्हणजे मोटर चालवणारी सेलची डबी, ठेवतानाही तेच: भिंती एकेक स्टडच्या धरल्या तर आत पाच स्टड उरतात, हब चार रुंद.

बोगदाही त्याच प्रमाणात

हा हट्ट सोडा. लंडनच्या खोल बोगद्याचा आतला व्यास साधारण ३.५६ मीटर आणि गाडीची उंची २.८८. म्हणजे १:४८ ला बोगदा ७४ मिलिमीटर, गाडी ६०. बसेल असं वाटतं ना? पण लेगोच्या रुळाचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, ६४ मिलिमीटर रुंद आहेत. ते गोलात इतके वर अडकतात की त्यांच्या तळापासून छतापर्यंत जेमतेम ५५-५६ मिलिमीटर उरतात, त्यातच रुळाची जाडी. खऱ्या गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, १:४८ माप होतं सुमारे ३० मिलिमीटर, लेगोचं आहे साडेसदतीसच्या आसपास. मुळातला घोळ तो. बोगदा मोठा करा, किंवा तुमचं टेबल भिंतीला लागून असेल तर बोगद्याचा अर्धा भाग कापून दाखवा. मला तर कापलेलाच जास्त आवडतो, कारण पूर्ण बोगद्यात गाडी पडली की हात आत जात नाही.

सॉफ्टवेअर म्हणतं म्हणून

ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या विटांच्या ऑनलाइन बाजाराचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे. मीही रोज वापरतो. पण त्यात कुठल्याही तुकड्याला कुठलाही रंग देता येतो, तो तुकडा त्या रंगात जगात कधी निघाला असो वा नसो. यादीत त्याची सूचना येते. उतावळे लोक ती सूचना बंद करतात. मग ऑर्डरच्या वेळी कळतं की छताचा अमुक वक्र तुकडा गडद राखाडीत निघालेलाच नाही, किंवा निघालाय पण एकाच महागड्या संचात, त्यामुळे विक्रेता तोंडाला येईल तो भाव सांगतो. त्यावर भारताबाहेरून पार्सल आणि कस्टम. मी उलटा जातो: छताचे आणि तोंडाचे तुकडे आधी त्या रंगात मिळतात का ते बघतो, आणि जे मिळतं त्यावरून गाडी आखतो.

राखाडीचं एक आणखी. २००४ च्या सुमारास लेगोने राखाडीच्या दोन्ही छटा बदलल्या, नव्या किंचित निळसर आहेत. जुन्या विटांचा ढीग स्वस्तात घेतलात तर छत बांधण्याआधी तुकडे खिडकीपाशी दिवसाउजेडी निवडा. ट्यूबलाइटखाली फसाल.

आणि पहिल्याच ऑर्डरला सातही डब्यांच्या विटा मागवू नका. हो, खरी गाडी सात डब्यांची होती, चार आणि तीन अशी जोडलेली. माहीत आहे. एक डबा बांधा, पळवा.

हेही बघा

छत सपाट ठेवून दोन कडांना उतरती वीट लावली की ट्यूब होत नाही, बस होते. ट्यूबचं छत बोगद्याच्या गोलाईला धरून वाकतं, दारांचे वरचे भागही त्याच्याबरोबर आत झुकतात. वक्र तुकडे आडवे बसवावेच लागतात. पाच प्लेटची (प्लेट म्हणजे चपटी वीट) जाडी म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी, दोन्ही १६ मिलिमीटर. हे एवढं गणित पाठ असलं की आडवं बांधकाम जमतं.

छतावर पेंटोग्राफ. कृपा करून नको. आपल्या मुंबईच्या मेट्रो ३ ला वीज वरून मिळते, लंडनच्या ट्यूबला खालून. तिथे चार रूळ असतात: दोन चाकांचे, एक बाहेरच्या बाजूला आणि एक मधोमध, नेहमीच्या व्यवस्थेत बाहेरचा +४२० व्होल्ट आणि मधला −२१०. दाखवायचेच तर स्लीपरवर टाइलची बारीक ओळ लावा, पण आधी मोटरचं पोट तिला घासत नाही ना ते बघा.

स्वस्तातल्या 'तशाच' विटा आतल्या भरावाला चालतील. बोगीच्या सांध्याजवळ नकोत, तिथे पकड सैल पडली की डबा खचतो.

गोंद? नाही.

स्टिकर घरच्या प्रिंटरवर काढणार असाल तर अक्षरं निदान जॉन्स्टन वळणाची घ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेने ती १९१६ मध्ये स्वीकारली. एरियलमध्ये छापलेलं स्टेशनचं नाव बघून मला गाडीच बघावीशी वाटत नाही.

गाडी हळू चालते म्हणून दुसरी मोटर मागवण्याआधी ती उलटी करा आणि आसांवर गुंडाळलेले केस काढा. सतरंजीवर खेळलेल्या गाडीत हमखास निघतात. मग सेल बघा: सहा एएए चार्जेबल सेल मिळून ७.२ व्होल्ट होतात, साधे नवे ९, त्यामुळे चार्जेबलवर गाडी थोडी मंदच धावणार. हब शक्यतो मोटरच्या वर ठेवा, वजनाने चाकं धरून राहतात. आणि हबच्या बटणावरचं छत सुटं ठेवा, चार स्टडवर हलकं टेकलेलं, नाहीतर दर वेळी गाडी सुरू करायला डबा फोडावा लागेल.